जीएनएमला नंबर लागतोय, नोकरी सांभाळून जमेल का? (सांगली-मिरज)

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातली. बारावी आर्ट्सनंतर शिक्षण थांबलं आणि मिरजेत एका मेडिकलमध्ये बिलिंगला लागले. आता वय २४. यंदा सांगलीत एका कॉलेजात जीएनएमला, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंगच्या डिप्लोमाला, नंबर लागतोय. लहानपणापासून मनात होतं, त्यामुळं ही संधी सोडायची नाही हे ठरलंय.

अडचण पैशाची आहे. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. बाग म्हटलं की लोकांना वाटतं पैसा आहे. पण ऑक्टोबर छाटणीपासून फवारणीची औषधं उधारीवर येतात आणि माल गेला की आधी ती उधारी फिटते. घरचा किराणा, लाईटबिल आणि धाकट्या भावाचं आयटीआय माझ्या पगारावर चालतं. ड्युटी दुपारी तीन ते रात्री साडेनऊ. मालक समजूतदार आहेत, "वेळ बदलून घे, पण येत राहा" म्हणतात.

ज्यांनी नोकरी करत नर्सिंग केलंय किंवा घरातल्या कुणाला करताना बघितलंय, त्यांनी मोकळेपणानं सांगा. कॉलेजचा दिवस नक्की किती वाजता संपतो? पहिल्या वर्षी जमलं तर पुढं जमतं का?

मिरजेची_सिस्टर

अभिनंदन गं! आर्ट्सवाल्यांना जीएनएम चालतं, वयही ३५ पर्यंत चालतं, त्यामुळं उशीर झाला असं मनात आणू नकोस. आपल्या मिरजेत वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं आणि पाठोपाठ नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. तेव्हापासून खेड्यापाड्यातल्या किती मुली इथं शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्यात. त्यातलीच मी एक.

आता दिवस कसा असतो ते सांगते. सकाळी सात-साडेसातला वॉर्डात हजर. म्हणजे त्याआधी इस्त्रीचा युनिफॉर्म, केसांचा जुडा, नखं कापलेली, हातात बांगडी नाही. आल्या आल्या रात्रीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायचा, म्हणजे कुठल्या पेशंटचं काय चाललंय ते समजून घ्यायचं. मग बेडमेकिंग, स्पंजिंग (पेशंटचं अंग पुसणं), टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजणं), औषधांचा राउंड, डॉक्टरांचा राउंड. दुपारी एकच्या आसपास सुटलं की जेवून पुन्हा कॉलेज, चार-पाचपर्यंत थिअरी. त्यानंतर केअर प्लॅन, केस स्टडी, प्रोसिजर बुक आणि ड्रग बुक लिहायचं असतं, ते कॉलेजच्या वेळेत कधीच होत नाही. ब्लॉक चालू असेल तर वॉर्ड नाही, पण दिवसभर लेक्चर. आणि दुसऱ्या वर्षापासून इव्हिनिंग आणि नाइटही लागतात.

तेव्हा तीनची ड्युटी आहे तशी चालणार नाही, हे आजच मालकांना सांग.

दुसरं म्हणजे हजेरी. थिअरीला ८० टक्के लागते. प्रॅक्टिकलला परीक्षेला बसण्यापुरती ८० चालते, पण कोर्स पूर्ण झाल्याचा कागद हातात पडण्याआधी ती १०० टक्के भरून द्यावी लागते. बुडलेली प्रत्येक ड्युटी पुढं कधीतरी उभी राहतेच. बाकीच्या मुली रिझल्ट घेऊन नोकरीला लागतात आणि आपण वॉर्डात मागचे तास भरत बसतो. साध्या कॉलेजात मारतात तशा दांड्या इथं खपत नाहीत, म्हणून काम असं निवड की पोस्टिंग (हॉस्पिटलातली ड्युटी) आलं तर ते मागं सरकेल.

हरिपूररोड

मला वाटतं मेडिकल सोडावं आणि एखाद्या छोट्या हॉस्पिटलात नाइटला लागावं. माझ्या ओळखीतल्या दोघी पहिल्या वर्षापासून तसं करतात. पैसे मेडिकलपेक्षा जास्त, रात्री पेशंट झोपले की अभ्यास होतो, आणि हात चालायला लागतो. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं हे कॉलेजात जेवढं शिकवतात त्याच्या दुप्पट तिथं शिकता येतं.

मिरजेची_सिस्टर

हरिपूररोड, तुमचा हेतू चांगला आहे, पण या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

विद्यार्थिनी कॉलेजच्या पोस्टिंगला इंजेक्शन देते तेव्हा बाजूला इन्स्ट्रक्टर किंवा वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर असते. जबाबदारी त्यांची असते. बाहेरच्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता ती एकटी असते. अंगावर पांढरा ड्रेस असतो, पेशंटचे नातेवाईक तिला सिस्टर म्हणून हाक मारतात, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं तिचं नाव नसतं. रजिस्ट्रेशनशिवाय नर्स म्हणून काम करायचा तिला अधिकारच नाही.

एकच उदाहरण देते. पोटॅशियम क्लोराइड, आम्ही केसीएल म्हणतो. छोटा अँप्युल, दिसायला साध्या पाण्यासारखा. तो सलाईनमध्ये मिसळून, हळू, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगानं द्यायचा असतो. न मिसळता सरळ शिरेत ढकलला तर हृदय बंद पडतं. पहिल्या वर्षाच्या मुलीनं हे अजून वाचलेलंही नसतं. फोनवर "केसीएल दे" एवढीच ऑर्डर आली तर ती काय करेल? पेशंट जीवानिशी जाईल आणि त्या पोरीचं आयुष्य केस सुरू व्हायच्या आधीच संपेल.

हात चालायला हवा हे खरं. पण चुकीची सवय लागलेला हात सुधारायला फार वेळ जातो. हातमोजे न घालता शीर शोधणाऱ्या, सुई वापरल्यावर पुन्हा टोपण लावणाऱ्या मुली माझ्याकडं येतात. कुठं शिकलीस विचारलं की कुठल्यातरी नाइटचं नाव सांगतात.

हरिपूररोड

सिस्टर, केसीएलचं मला माहीत नव्हतं. पटलं. त्या दोघींनाही सांगतो. हॉस्पिटलात काउंटरला, ओपीडीचे केसपेपर काढायला वगैरे लागलं तर चालेल ना?

मिरजेची_सिस्टर

ते अगदी चालेल. पेशंटच्या अंगाला हात लागत नाही असं कुठलंही काम चालेल.

तिसऱ्या_वर्षाची

मी आत्ता जीएनएम तिसऱ्या वर्षाला आहे, विश्रामबागला काकूंकडं राहते. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्यातून बसभाडं, वह्या, झेरॉक्स आणि मोबाईलचा खर्च सुटतो. घरी पैसे पाठवायला मात्र उरत नाहीत, हे ताई तू आधीच धरून चाल.

पहिलं वर्ष सगळ्यात जड जातं, कारण सगळंच नवीन. ॲनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, फंडामेंटल्स, कम्युनिटी, आणि पुस्तकं इंग्रजीतून. आर्ट्सची असशील तर ॲनाटॉमीचे शब्द सुरुवातीला डोक्यावरून जातील. मी मराठीत अर्थ लिहून भिंतीवर चिकटवत होते. सुरुवातीचे काही महिने शिकवण्याही घेतल्या नव्हत्या. दिवसभर उभं राहून पाय इतके भरून यायचे की संध्याकाळी पुस्तक उघडलं तरी अक्षर दिसायचं नाही. जमत असेल तर सुरुवातीला काम कमीत कमी ठेव.

पण मेडिकलची नोकरी सोडू नकोस असं मला मनापासून वाटतं. ड्रग बुकमध्ये प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव (ब्रँडचं नाही, मूळ औषधाचं), डोस, रूट (तोंडानं की शिरेतून), परिणाम, दुष्परिणाम आणि नर्सची जबाबदारी एवढं लिहावं लागतं. तुझ्यासमोर तर औषधांची सगळी मांडणीच आहे. स्ट्रिपवर ब्रँडच्या जोडीला बारीक अक्षरात जेनेरिक नाव असतं, ते वाचायची सवय लाव. लॅसिक्स हातात आली की फ्युरोसेमाइड, क्रोसिन आली की पॅरासिटामॉल. मग त्याच औषधाचा पेशंट वॉर्डात शोध. फ्युरोसेमाइडनं लघवी वाढते, म्हणून शक्यतो सकाळी देतात, नाहीतर म्हातारं माणूस रात्रभर उठत राहतं. आधी बीपी बघायचं, लघवीचं माप चार्टवर लिहायचं, पोटॅशियमच्या रिपोर्टवर नजर ठेवायची. काउंटरवर नाव वाचलेलं, वॉर्डात पेशंट बघितलेला, असं औषध पुन्हा विसरत नाही.

आणि खिशात एक छोटी डायरी ठेव. मी सिटी बसमध्ये गणितं सोडवते. ५०० मिली सलाईन ६ तासांत द्यायचंय, सेट (सलाईनची नळी) मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले ३६० मिनिटं. मिनिटाला साधारण २८ थेंब. सांगली ते मिरज अशी चार-पाच गणितं सहज होतात.

कुपवाडकर

वाचतोय. माझी पुतणी पुढच्या वर्षी बसणार आहे. फार उपयोगाचा धागा, सगळ्यांचे आभार.

वाळव्याचा_गडी

माझ्या बायकोनं लग्नानंतर जीएनएम केलं, मुलगा तेव्हा अंगणवाडीत. ती बाहेर नोकरी करत नव्हती, पण घर, म्हशी, शेत हे सगळं कामच की. म्हणून लिहितोय.

सकाळची पोस्टिंग म्हणजे तिला पाचच्या आत उठावं लागायचं. म्हशीच्या धारा तिच्याकडं होत्या, त्या मी घेतल्या. भाकरी आईनं घेतल्या. पोराला अंगणवाडीत सोडणं-आणणं आबांकडं. हे सगळं आम्ही ॲडमिशनच्या आधी बसून ठरवलं होतं. ठरवलं नसतं तर "तू जरा तेवढं करून जा" म्हणत सगळं तिच्याच गळ्यात पडलं असतं. बाईमाणसाचं शिक्षण असंच मोडतं आमच्याकडं, कुणी उघड नाही म्हणत नाही.

एका वर्षी तिची परीक्षा आणि आमची ऊसतोड एकाच आठवड्यात आली. टोळी दारात, तिचा पेपर दुसऱ्या दिवशी. घरात चहापाण्याला, जेवणाला बाई नाही म्हणून भावकीत बोलणी झाली. मी सरळ सांगितलं, ती पेपरला जाणार. मी आणि आईनं रांधलं. आज ती एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे आणि तीच भावकी रात्री-अपरात्री "वहिनी, बीपी बघा" म्हणत येते. तिला त्याचा आनंदच असतो.

येरळाकाठ ताई, तुझ्या वडिलांना आणि भावाला समोर बसव. किराणा तुझ्या पगारावर चालतो हे ठीक, पण तीन वर्षं त्यातलं थोडं तरी भावानं उचलायला पाहिजे. आयटीआयची पोरं सुट्टीत कुठंतरी काम करतातच. त्याला सांगायला संकोच करू नकोस. मोठी बहीण म्हणून तू आधीच लई केलंयस.

तिसऱ्या_वर्षाची

दादा, वहिनींना नमस्कार सांगा. खूप बरं वाटलं वाचून.

औदुंबरकर

मी बँकेत आहे, म्हणून पैशाच्या बाजूनं दोन गोष्टी.

नोकरी टिकवायची धडपड नेमकी कशासाठी, ते वहीत मांडा. कॉलेजची फी आणि घरखर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. फी पगारातून भरायचा प्रयत्न करू नका. त्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे. ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. फीबरोबर वसतिगृह, पुस्तकं, युनिफॉर्म हेही त्यात धरता येतं. हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होतो. मधल्या काळात नुसतं व्याज भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका पडतो. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. वडिलांचं पीककर्ज थकीत असेल तर आधी शाखेत जाऊन बोला, लपवू नका. तेवढ्यावरून प्रकरण अडू शकतं आणि आधी कळलं तर आईला सहकर्जदार करून मार्ग निघतो.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. घरापासून लांब राहणार असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीतल्या मुलामुलींसाठी स्वाधार, या योजना बघून ठेवा. प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) झालाय की संस्थेच्या कोट्यातून, यावर बरंच अवलंबून असतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, ऐनवेळी सेतूत रांग असते. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. दरवर्षी माझ्यासमोर अशी मुलं येतात आणि जीव तुटतो.

सातारा_ट्यूटर

मी साताऱ्यात नर्सिंग कॉलेजला क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. कॉलेजच्या बाजूनं लिहिते.

फी भरण्याआधी कॉलेजला विचार, हॉस्टेल सक्तीचं आहे का? असेल तर गेट किती वाजता बंद होतं? संध्याकाळची नोकरी बहुतेक वेळा इथंच अडते. दुसरा प्रश्न, पोस्टिंग कुठं-कुठं असतं? सांगलीच्या सिव्हिलला असेल तर संध्याकाळी मिरजेला पोचणं शक्य आहे. पण कम्युनिटीचं पोस्टिंग खेड्यातल्या आरोग्य केंद्रात असतं. सकाळी गाडी निघते आणि गृहभेटी, सर्व्हे, लसीकरण करून परत कधी येईल ते गावावर ठरतं. मानसोपचाराच्या पोस्टिंगला आमच्या मुली जिल्ह्याबाहेर मनोरुग्णालयात जाऊन राहतात. तेवढे आठवडे नोकरी पूर्ण बंद. तिसऱ्या वर्षी मिडवायफरीला डिलिव्हरीच्या केसेस पूर्ण कराव्या लागतात, आणि केस तुमच्या सोयीनं येत नाही. बाईला कळा सुरू झाल्यात, तिनं तुझा हात धरलाय, आणि माझी दुकानाची वेळ झाली म्हणून तू निघालीस असं होऊ शकत नाही. शेवटी इंटर्नशिप, त्यात तिन्ही शिफ्ट.

नोकरी करतेस हे क्लास कोऑर्डिनेटरला पहिल्याच महिन्यात सांग. मुली लपवतात. मग वॉर्डात उभ्या-उभ्या डुलकी लागली की आम्हाला वाटतं मुलगी बेफिकीर आहे. परिस्थिती माहीत असली तर असाइनमेंटला दोन दिवस जास्त देणं, ड्युटी आपसात बदलू देणं एवढं आमच्या हातात असतं आणि आम्ही करतो. हजेरी मात्र कुणाच्याच हातात नसते.

अजिंक्यतारा_आरएन

थोडं वेगळं विचारते. मी जीएनएम होऊन साताऱ्यात खाजगी हॉस्पिटलात स्टाफ आहे. पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करायचंय. एका ठिकाणी सांगितलं की नोकरी चालू ठेवा, फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो. करावं का?

सातारा_ट्यूटर

अजिबात नको. पोस्ट बेसिक दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण आहे. उद्या परदेशी अर्ज केलास तर ट्रान्सक्रिप्टमध्ये थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास विषयवार मागतात. तिथं खोटं उघडं पडलं तर पदवीबरोबर तुझं रजिस्ट्रेशनही संशयात येईल.

सरकारी सेवेतल्या सिस्टरना अभ्यासरजेची सोय असते. खाजगीत ती क्वचितच मिळते, पण मेट्रनशी (हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या प्रमुखांशी) बोलून बघ. स्वतःचं कॉलेज असलेली हॉस्पिटलं कधीकधी आपल्या स्टाफला सुट्टीच्या दिवशी ड्युटी देतात. तू रजिस्टर्ड आहेस, त्यामुळं अधूनमधून एखादी नाइट कायदेशीरपणे करू शकतेस. येरळाकाठला जे करता येत नाही ते तुला करता येतं. पुढं एमएस्सी करायची असेल तर पोस्ट बेसिकनंतर थेट करता यावी म्हणून जीएनएमचा अनुभव-दाखला आत्ताच घेऊन ठेव. एमएस्सीला एक वर्षाचा अनुभव मागतात.

अजिंक्यतारा_आरएन

धन्यवाद मॅडम. फोन करून त्यांना नाही म्हणून सांगते.

येरळाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवले. वाळव्याच्या दादांचा प्रतिसाद आईनं दोनदा वाचायला लावला. भाऊ म्हणाला, सुट्टीत पलूसला एका वर्कशॉपमध्ये जातो, लाईटबिल आणि त्याचा बसपास त्याचा तो बघणार. वडिलांचं सोसायटीचं कर्ज थकीत निघालं, त्यामुळं आईच्या नावानं सहकर्जदार म्हणून शाखेत विचारून आलो. साहेब हो म्हणालेत, कागदपत्रांची यादी दिलीय.

दुकानाच्या मालकांशीही बोलले. पहिले तीन महिने फक्त रविवार. नंतर रविवार आणि आठवड्यात दोन संध्याकाळी, साडेसहा ते साडेनऊ. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. पगार निम्म्याहून खाली येतोय, पण किराण्यापुरता होईल. हॉस्टेल सक्तीचं नाही, मावशी मिरजेत राहते, तिच्याकडं सोय होईल.

एकच शंका राहिली. नाइट पोस्टिंग लागेल त्या आठवड्यात संध्याकाळी दुकानात जाऊन तिथूनच ड्युटीला गेलं तर चालेल का? की त्या आठवड्यात जाऊच नये?

मिरजेची_सिस्टर

जाऊ नकोस. नाइटला जाण्याआधी संध्याकाळी दोन तास तरी झोप लागते, नाहीतर पहाटे तीन-चारच्या सुमाराला डोळ्यांसमोर अक्षरं हलायला लागतात आणि नेमकी तेव्हाच सकाळची औषधं काढायची तयारी असते. सकाळी ओव्हर देऊन निघालीस की स्कूटी चालवू नकोस, बस पकड. मावशीकडं खिडकीला जाड पडदा लाव आणि फोन बंद करून झोप. दुपारी झोपलेल्या मुलीला घरातले "जरा दळण घेऊन ये" म्हणून उठवतात, तेव्हा मावशीला आधीच सांगून ठेव.

ड्युटीचं रोस्टर बोर्डावर लागलं की त्याच दिवशी फोटो काढून मालकांना पाठव, म्हणजे त्यांना त्या दोन संध्याकाळी दुसरं माणूस बघता येईल. नाइट संपल्यावर जो ऑफ मिळतो, त्या दिवशीही दुकान धरू नकोस. पुढच्या रविवारी भरून दे.